धुळ्यात शिवलेले पांढरे बूट

पारोळ्याला आमची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. पट्ट्याची फटफट सकाळी सुरू झाली की आम्ही एकमेकांशी जरा ओरडूनच बोलायचो. गिरणी बंद पडली, की ओरडणं तसंच चालू राहायचं आणि मग माय आपल्याच आवाजाला दचकून हसायची. घरात सगळ्यावर पिठाचा पातळ थर असायचा. फळीवरच्या डब्यांवर, देवांवर, आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, भुवयांवर. फरशीवर तर कायमच. त्या पिठात येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय उमटत. गिऱ्हाइकं चपला बाहेर काढून आत येत, त्यामुळे दुपारपर्यंत फरशीवर गावातले निम्मे पाय जमा झालेले असत. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून उकिडवी बसून ते पाय बघायची. कुणाच्या टाचेला भेग, कुणाचा अंगठा आत वळलेला, कुणाचा तळवा मध्ये टेकतच नाही, नुसती टाच आणि बोटं. कोण येऊन गेलं हे मी पायांवरून ओळखायची आणि आबा गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे, "आमनी विमल तोंड दखत नही, पाय दखस."

आमचे स्वतःचे पाय ओळखायला काहीच लागायचं नाही. आबांचा पाय उमटला की वाटायचं, इथं कुणी सूप ठेवून उचललंय. टाच बेताची आणि पुढं बोटं पंख्यासारखी पसरलेली, दोन बोटांत तिसरं मावेल एवढी जागा. माझे पाय तसेच, थोडे लहान. आबा गिरणीत अनवाणी असत आणि बाहेर जाताना कड कापलेली चप्पल घालत. नवी चप्पल आणली, की आधी चाकूनं करंगळीच्या बाजूचा पट्टा कापायचा, हा आमच्या घरचा रिवाज होता. माझ्याही चपला तशाच. शाळेत कुणी हसलं तरी मला फार लागायचं नाही, कारण घरी सगळेच तसे. माय तेवढी मूळची सडपातळ पायांची. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापता थापता आमच्या तिघांच्या पायांकडे बघून म्हणायची, "बठ्ठा धान्य पाखडाना सूप शेतस," सगळी पाखडायची सुपंच. तिसरा म्हणजे माझा धाकटा भाऊ.

बारावीनंतर मला धुळ्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आबांना अभिमान वाटला, मायला काळजी. माझी पत्र्याची ट्रंक भरली, तीत बिबड्यांचा, ज्वारीच्या पापडांचा, डबा गेला, मिरचीचा ठेचा गेला. वसतिगृहात पहिल्याच दिवशी एक यादी हातात पडली. पांढरा गणवेश, पांढरा पट्टा, पांढरे मोजे, पांढरे बंद बूट. बूट मी जन्मात घातले नव्हते. मला वाटलं, दुकानात गेलं की मिळतात.

आग्रा रोडवरची दुकानं मी आणि माझी खोलीसोबतीण निर्मला, आम्ही दोघींनी पालथी घातली. निर्मला जळगावची, नीटनेटकी, तिचे पाय चिमणीएवढे. तिला पहिल्याच दुकानात बूट मिळाले. माझ्या पायाला मात्र कशातच जागा नव्हती. दुकानदार पावडर टाकायचा, टाचेत पत्र्याचं शिंगासारखं ते सरकवायचा, गुडघ्यानं रेटायचा. पाय आत गेला तरी करंगळी दुसऱ्या बोटाखाली जाऊन बसायची. एक दुकानदार म्हणाला, "ताई, बूट ताणतो हळूहळू." दुसरा म्हणाला, "पायच ताणलेत हिचे." शेवटी पुरुषांचे दोन नंबर मोठे पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले. रुंदीला कसेबसे, लांबीला इतके जास्त की पुढं कापूस भरावा लागला. चालताना बूट आधी पोचायचा, मी नंतर.

तिसऱ्या आठवड्यात व्हायचं ते झालं. सकाळच्या राउंडला मेट्रनबाई वॉर्डात होत्या. मी उकळलेल्या वाट्यांचा ट्रे घेऊन येत होते. बुटाचं टोक खाटेच्या पायाला अडकलं आणि मी, ट्रे, वाट्या, सगळं फरशीवर. वाट्या वॉर्डभर घरंगळत गेल्या. एका म्हातारबाबांनी खाटेवरूनच एक वाटी पायानं अडवली. मेट्रनबाई ओरडल्या नाहीत. उंच, बारीक, इस्त्रीच्या साडीतल्या बाई. त्या माझ्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "पंधरा दिवसांत मापाचे बूट. नाहीतर वॉर्डात पाऊल टाकायचं नाही." वॉर्डात नाही म्हणजे हजेरी नाही, हजेरी नाही म्हणजे परत पारोळ्याला, गिरणीत. मी रात्री मोजे काढले तर डाव्या करंगळीचा फोड फुटून मोजा चिकटला होता.

दोन दिवसांत बोट सुजलं. गुरुवारी ड्रेसिंगला मी दवाखान्याच्या मागच्या बाजूला गेले. तिथं व्हरांड्यात चामडीच्या ओपीडीचे लोक बसायचे. दारापाशी चपलांची रांग होती. सवयीनं माझी नजर खाली गेली आणि तिथंच राहिली. असल्या चपला मी कधी बघितल्या नव्हत्या. पुढून निमुळत्या नाहीत, सरळ आणि रुंद, वहाणेपेक्षा पाटासारख्या. जाड काळं मऊ रबर, रुंद पट्टे, टाचेला उंची नाही, कुठं एक खिळा नाही. बाकावर वाट बघता बघता मी माझा उजवा पाय सहज त्यातल्या एकीत सरकवला. पाचही बोटं खाली टेकली. एकालाही कड लागली नाही. मी दुसरा पाय उचलणार, तेवढ्यात ड्रेसिंगच्या सिस्टर आतून ओरडल्या, "अगं ए, काढ! त्या त्यांच्या आहेत!"

त्यांच्या म्हणजे कुणाच्या हे मला तेव्हा कळलं. ज्याला लोक कुजबुजत महारोग म्हणायचे आणि आमच्या पुस्तकात कुष्ठरोग म्हटलं होतं, त्या आजारातल्या माणसांच्या. पुस्तकात हेही होतं की चपलेवरून, भांड्यावरून हा आजार येत नाही. आदल्याच आठवड्यात मी ते पाठ म्हणून दाखवलं होतं. तरीही नळावर जाऊन मी तो पाय साबणानं तीनदा धुतला. नंतर फिनेल मागून आणलं आणि पुन्हा धुतला. हे इतक्या वर्षांनी लिहितानाही बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं. आणि धुता धुता डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. ती चप्पल कुणी बनवली? त्या माणसाला माझ्या पायाचं माप कसं माहीत?

पुढच्या आठवड्यात मी विचारत विचारत गेले. ओपीडीच्या मागं पत्र्याची शेड होती. आत एक पन्नाशीचे गृहस्थ जमिनीवर बसून रबर कापत होते. डोक्याला टोपी, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. हातांची बोटं आखडलेली, काहींची पेरं गेलेली. रापीची, चामडं कापायच्या हत्याराची, मूठ चिंध्यांनी जाड करून तळहाताला बांधलेली होती. नाव एकनाथभाऊ. ते स्वतः याच दवाखान्यात बरे झाले होते आणि इथंच चपला करायला शिकले होते. मी दारातच उभी राहून म्हणाले, "भाऊ, बूट करता का तुम्ही? पांढरे?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. "जोडा काढ. दखाड पाय."

मी पाय दाखवले. ते पुढं सरकले, मान तिरपी करून बराच वेळ बघत राहिले, एखादा गवई दुसऱ्याची तान ऐकतो तसे. मग म्हणाले, "तुना पाय खराब नही शे, माय. दुकानना बूट पायले दखीसन कोणीच करेल नही शेतस." नंतर त्यांनी भिंतीवरचा एक लाकडी पाय काढून दाखवला, बूट ज्याच्यावर चढवतात तो साचा. पुढून निमुळता, मध्यावर टोक आलेलं. "असा पाय तू कोना दखा का? तू सांग." मी पिठातले सगळे पाय आठवले. शेकडो पाय. मधलं बोट सगळ्यांत पुढं आणि दोन्हीकडून उतार, असा एकही आठवला नाही. मी तसं सांगितलं आणि मग गिरणीचं, पिठाचं, सगळंच सांगत सुटले. ते रापी खाली ठेवून ऐकत राहिले. मधेच विचारायचे, "लहान पोरना पाय कसा उमटस? बाळंतीणना?" मला वाटलं होतं, असले प्रश्न जगात मला एकटीलाच पडतात.

माप घ्यायला त्यांनी जुन्या वर्तमानपत्रावर मला उभं केलं. मी स्टुलावर बसायला गेले तर म्हणाले, "बसेल पाय येगळा ऱ्हास, उभा पाय येगळा. बठ्ठा भार टाक." पेन्सिल त्यांच्या हातात नीट टिकत नव्हती, म्हणून मीच वाकून स्वतःच्या पायाभोवती ती फिरवली आणि ते "सरळ धर, आत नको जाऊ" म्हणत राहिले. उभ्या पायाचा आकार बसल्या पायापेक्षा जवळजवळ बोटभर रुंद निघाला. मी म्हटलं, "तळाला तुमचं ते मऊ रबर घालाल ना?" तर ते हसले. "ते जाड रबर आमनासाठे. आमना पायले काही कळत नही. काच लागो, निखारा लागो. म्हनीसन जाड. तुना पायले बठ्ठं कळस ना? मंग त्याले कळू दे. तुले पातळ पाहिजे."

हे वाक्य मी गेल्या वर्षी माझ्या पुतणीला सांगितलं. माझे गुडघे धरले होते. व्यायाम शिकवणाऱ्या तरुण डॉक्टरांनी सांगितलं, पातळ सपाट तळाचे, बोटांना मोकळी जागा असलेले बूट घाला. पुतणीनं मोबाइलवर शोधायला सुरुवात केली. आता अशा बुटांना मोठं नाव आहे, मिनिमलिस्ट म्हणतात, अनवाणी चालल्यासारखे बूट. दोन जोड्या आल्या आणि परत गेल्या. 'रुंद' असं लिहिलेले होते, पण लिहिणाऱ्यानं आमच्या घरचे पाय पाहिले नव्हते. तिसऱ्या वेळी मी तिला म्हटलं, मला कागदावर उभी कर, आणि त्या मापाचा फोटो दुकानाला पाठव. तिनं पाठवला. तिकडून एका मुलीचा फोन आला, "आजी, हे खरंच पायाचं माप आहे ना?" ती जोडी मात्र बसली. भुसावळला लग्नाला गेले तेव्हा साडीखाली तेच बूट होते आणि मांडवात तीन बायकांनी ते कुठं मिळतात म्हणून विचारलं.

एकनाथभाऊंनी माझे बूट शिवले ते त्यांची कामाची वेळ संपल्यावर. पांढरा जाड कॅनव्हास मी आणून दिला. तळाला चपला कापून उरलेल्या रबराचे पातळ तासलेले तुकडे आणि त्याखाली जुन्या टायरची एक पट्टी. दिसायला ते जरा बदकाच्या पायांसारखेच होते, पण पांढरेशुभ्र, बंद, नाडीचे. पहिल्या दिवशी वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना मला फरशीचा गारवा कळत होता, दोन फरश्यांमधली फट कळत होती. मी नुसतीच तीन फेऱ्या जास्त मारल्या.

राउंडला मेट्रनबाई थांबल्या. "छान. कुठून आणलेस?"

मी म्हणाले, "मामांनी मुंबईहून पाठवले."

मला मामा नाही. ते वाक्य कुठून आलं हे मला आजही सांगता येत नाही; इतकं खरं की ते आधीपासून तयार असल्यासारखं आलं. आणि वॉर्डच्या दाराशी, एका पेशंटला द्यायच्या चपलांची पिशवी घेऊन एकनाथभाऊ उभे होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, बुटांकडे बघितलं. मग पिशवी सिस्टरांकडे देऊन निघून गेले.

ते खोटं फार दिवस टिकलं नाही. निर्मलाची पाळी चामडीच्या ओपीडीत लागली आणि तिनं शेडमध्ये माझ्या बुटांच्या तळाला होतं त्याच रबराचा तक्ता पाहिला.  त्या संध्याकाळी तिची खाट खिडकीकडे सरकली. माठावरचा माझा पेला उचलून खाली वेगळा ठेवला गेला. मेसमध्ये माझं ताट शेवटी धुतलं जाऊ लागलं. निर्मला वाईट नव्हती. ती घाबरली होती, आणि मी स्वतः फिनेलनं पाय धुतला होता, तेव्हा मी तिला काय बोलणार? पण ताटावर बसून एकटीनं जेवणं मला जमेना. शेवभाजीचा आवडता दिवस असला तरी घास फिरायचा.

तक्रार मेट्रनबाईंपर्यंत गेली. त्यांनी पारोळ्याला निरोप धाडून आबांना बोलावून घेतलं. आबा सकाळच्या बसनं आले, धुतलेलं धोतर, कड कापलेली चप्पल, भुवईत थोडं पीठ राहिलेलं. ऑफिसात मी उभी, आबा उभे, आणि दाराच्या आत एका बाजूला एकनाथभाऊ. मेट्रनबाईंनी आधी त्यांनाच विचारलं. दवाखान्याचं साहित्य बाहेरच्या कामाला वापरलं असेल तर त्यांचं काम जाणार होतं, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. "हे बूट तुम्ही केलेत?"

एकनाथभाऊ खाली बघत सावकाश, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलले. "बाईसाहेब, पोरगी म्हणते मुंबईचे आहेत. मग मुंबईचेच असतील."

मी आजवर पुष्कळ माणसं बघितली, पण स्वतःचं काम जाईल म्हणून नाही, तर माझं खोटं उघडं पडू नये म्हणून असं बोलणारा माणूस मी तो एकच बघितला.  मी म्हणाले, "नाही. मी खोटं बोलले. हे भाऊंनी शिवले. कापड माझं, रबराचे टाकाऊ तुकडे. मला लाज वाटली म्हणून मुंबई सांगितलं. त्यांचा काही दोष नाही."

मेट्रनबाईंनी हात पुढं केला. मी एक बूट काढून दिला. त्यांनी तो उलटा केला, वाकवला, आत हात घालून बोटांची जागा चाचपली.  मग आबांना म्हणाल्या, "मुलींमध्ये भीती आहे. ती बिनबुडाची आहे, पण आहे. तुम्हाला हिला घरी न्यायचं असेल तर मी अडवणार नाही."

आबांनी माझ्या उघड्या पायाकडे बघितलं. करंगळीची जखम भरून गुलाबी कातडी आली होती. त्यांनी विचारलं, "तुना पायले लागस का हाऊ बूट?"

"नही लागत, आबा."

"मंग ऱ्हाय आठेच." मग इथंच राहा, एवढंच. जाताना ते एकनाथभाऊंच्या जवळ गेले नाहीत. लांबूनच, दारातून, त्यांनी हात जोडले. तेवढं त्यांना त्या दिवशी जमलं. दिवाळीला मी घरी गेले तेव्हा मायनं माझे बूट ओट्याबाहेर, पोत्याखाली ठेवायला लावले आणि आबा काही बोलले नाहीत. माणसं एका दिवसात सगळी बदलत नाहीत.

मेट्रनबाईंनी शिक्षा दिली ती मला. वर्ष संपेपर्यंत दर गुरुवारी चामडीच्या ओपीडीत ड्युटी. एकनाथभाऊंना ताकीद देऊन सोडलं. मुलींना वाटलं, भयंकर शिक्षा झाली. निर्मलानं हिवाळ्यात कधीतरी ताप आलेला असताना माझ्याच हातून, माझ्याच पेल्यानं पाणी घेतलं, आणि त्यानंतर पेला पुन्हा माठावर आला. 

पहिल्या गुरुवारी ओपीडी संपल्यावर मी शेडवर गेले. दारात उभी राहून म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं."

ते रबर कापत राहिले. "मुंबईनं गिऱ्हाईक उनं," मुंबईचं गिऱ्हाईक आलं, असं म्हणाले आणि खांदे हलले, म्हणजे ते हसत होते. मला हसू येईना.  मग ते म्हणाले, "तू आते सिस्टर शे ना? एक काम कर. मना पाय दख. मले खालेनं दिसत नही, आणि लागेल तर कळत नही. रोज दखाले पाहिजे, पन सांगू कोनले?"

मी खाली बसले. त्यांची चप्पल काढली. दुसऱ्यांच्या चपला आधी करता करता त्यांच्या स्वतःच्या चपलेचा तळ कागदासारखा झिजला होता. पाऊल मांडीवर घेतलं आणि उजेडाकडे वळवलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नव्हतं. तळव्याच्या मध्यभागी एक काळा ठिपका होता, भोवती लाली. पुस्तकात शिकवलं होतं तसं मी बोटानं दाबून बघितलं. आत काहीतरी टोचत होतं. मला टोचत होतं, त्यांना नाही. चिमटा आणला, स्पिरिट आणलं.  बाभळीचा अख्खा काटा निघाला, पेराएवढा.

"काय निंघनं?"

"काटा. बाभळीचा."

"दखाड." मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा सारखा केला, काटा उजेडात धरून उलटसुलट बघितला. "परवा वावरमा गयथू," ते म्हणाले. "दोन दिन मी याले संगे लई फिरनू."

मी जखम धुतली, पट्टी बांधली. मग उठून नळावर गेले आणि हात धुतले, एकदाच, कुठल्याही ड्रेसिंगनंतर धुवायचे असतात तसे. परत आले तेव्हा त्यांनी दुसरा पाय पुढं करून ठेवला होता.